पाहुणे असले तरी

धाकट्या बहिणीला टीबी निघाल्याचं कळलं तेव्हा आत्याने पहिला प्रश्न विचारला तो हे कोणाकोणाला माहीत आहे हा. दुसरा, आता लग्नाचं काय. औषधाबद्दल तिने काहीच विचारलं नाही, म्हणून ते काम मी घेतलं. आई गेल्यापासून अभनपूरचं घर आत्याच चालवते. तिथे ती, बाबा आणि बहीण. मी रायपूरला समता कॉलनीत राहते, शाळेत जीवशास्त्र शिकवते. गोळ्यांची वेळ, जेवण, तपासण्या, सगळ्याचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला आणि बहिणीला समोर बसवून गोळी आत जाऊन काय करते ते सांगितलं.

आमच्या शाळांत नकल म्हणजे परीक्षेतली चोरी. त्याच भाषेत सांगितलं. जंतूचा डीएनए हे जाडजूड पुस्तक. कामापुरत्या मजकुराची तो त्यातून छोटी पर्ची, म्हणजे चिठ्ठी, उतरवतो आणि पर्ची वाचून स्वतःला लागणारी प्रथिनं बनवतो. आपलं मुख्य औषध पर्ची लिहिणारा हातच धरतं. दोन-चार अक्षरांपुढे लिहिणं होत नाही, जंतू मरतो.

"मतलब दीदी, गोली उड़नदस्ता है," ती म्हणाली. नकल पकडायला परीक्षा केंद्रावर अचानक येणाऱ्या पथकाला इकडे उड़नदस्ता म्हणतात.

"हव. आणि तो रोज आला पाहिजे. एका जंतूचे दोन होताना सगळं पुस्तक उतरवलं जातं, त्यात कधी एखादं अक्षर चुकतं. नेमकी त्या हाताबद्दलच्या मजकुरात चूक झाली, तर हाताचा आकार बदलतो. मग औषधाला तो धरता येत नाही. अशा सुटलेल्या जंतूला त्याच गोळीतली बाकीची औषधं मारतात. पण गोळ्या सोडत-धरत घेतल्या, तर त्याचंच गोकुळ होतं."

"समझ गई, मैडम."

त्या औषधाने लघवी नारिंगी होते. तो रंग औषधाचाच, त्याने अपाय काही नाही, हे मी आत्यालाही बजावलं. ती म्हणाली, "इतकी गरम दवाई काहून देऊन राहिले पोरीले? आतून जळून राहिली थे."

नागपूरचं स्थळ आलं, पसंती झाली, साक्षगंध झालं. बहिणीचं वजन वाढत होतं, ते थांबलं. मग खोकला परतला. तपासणीत निघालं की ते मुख्य औषध तिच्या जंतूंवर आता चालत नाही.

कागद हातात घेऊनच मी अभनपूरला गेले. "गोळ्या कधी सोडल्यास?"

बहिणीने आत्याकडे पाहिलं. आत्या वाटाणे सोलत होती, हात थांबला नाही. "मुलाकडचे मुक्कामाले होते ना. संडास एकच. मुलाच्या आईनं आपल्या जावेची टीबी काढली हाय, थे रंग वळखते. पाहुणे जाईपर्यंत बंद ठेवली. मग साक्षगंधाले नागपूरले गेलो, तवा. मग थे पुन्हा आले, तवा."

"सगळ्या गोळ्या?"

"त्याच गोळीत सगळं हाय म्हणते तूच. एक कशी काढू?"

बाबा पेपर वाचत होते. पान उलटलं, एवढंच.

नवीन औषधं सुरू झाली. त्यातलं एक पर्ची लिहू देतं, पण वाचू देत नाही. दुसऱ्या एकाने कातडी काळवंडते, हळूहळू, चेहऱ्यापासून. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पुढच्या भेटीला मुलाच्या आईने बहिणीला उजेडात बसवून पाहिलं आणि घरी जाऊन फोन केला: साक्षगंधातली मुलगी ही नव्हे. टीबीचं नावही तिने काढलं नाही. जो रंग लपवायला सगळा खटाटोप केला, तो तिला शेवटपर्यंत दिसला नाही. दिसला तो हा.

परवा रविवारी गेले, तर आत्याने गोल बाजारातून चारोळी आणवली होती. दुधात वाटून तोंडाला लावायचा लेप केलेला, वाटी बहिणीच्या ताटाशेजारी.

"हे बी दवाई गरमच निघाली," आत्या मला म्हणाली. "पाहून राहिली ना तोंड? थोडे दिवस बंद ठेवू. रंग उतरला की मग घेईल."

मी तोंड उघडायच्या आत बहिणीने गोळ्या तळहातावर घेतल्या, एकेक करून गिळल्या, पाणी प्याली. मग आत्यासमोर वाकून आ केला, जीभ वर करून दाखवली.

"देख लो आत्या. उड़नदस्ता अंदर है."

आत्याने वाटी उचलली आणि आत निघून गेली. बाबांनी चष्मा पुसला.

फ्रिजवर आता नवा तक्ता आहे. त्यात मी सगळ्यात वर, जाड पेनाने, एक ओळ घातली आहे: पाहुणे असले तरी.