बाबुलाल मिस्त्रीचा ब्रेक

साकोलीत हायवेला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून बाबुलाल मिस्त्रीचं गॅरेज. एकोणीस वर्षांचा शेजार. एवढ्या वर्षांत आमचं भांडण एकदाच झालं, आणि त्यात चूक माझी होती की त्याची, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

बाबुलाल साठीला टेकलेला, अंगानं काटक, बोलण्यात कंजूष. मूळचा दिघोरीचा. त्याचा बाप मंगरू तिथल्या श्रावणभाऊंच्या घरी सालगडी होता. बैल, नांगर, धानाच्या बांध्या, सगळं मंगरूच्या हाती. जेवणाचं ताट मात्र त्याचं वेगळं, गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलेलं. जेवण झालं की त्यानंच ते धुवायचं आणि परत तिथं ठेवायचं. हे बाबुलालनं मला एकदाच सांगितलं, तेही टायरमधली हवा सांगावी तसं.

सोळाव्या वर्षी तो नागपूरला ट्रकच्या गॅरेजात गेला आणि परतला तो ब्रेकचा माणूस होऊन. इंजिनाचं कामही करायचा, पण त्यात जीव नसायचा. म्हणायचा, "जे गाडी चालत नाई ते कोणाले मारत नाई. जे थांबत नाई ते मारते." पुढं हायवेवर काचेची मोठी वर्कशॉपं झाली. तिथं थंड हवेत बसायला सोफा मिळतो, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडं वळलं. ब्रेकसाठी मात्र लोक बाबुलालकडेच यायचे. तेवढं एक काम आणि तेवढंच नाव त्याच्याजवळ उरलं होतं.

त्याच्या गॅरेजात लिंबू-मिरची लटकत नाही, नारळ फुटत नाही. कोणी पूजेचं विचारलंच तर "पूजा घरी करा, इथं नट कसू द्या," म्हणतो. त्याचे स्वतःचे नियम मात्र पूजेपेक्षा कडक आहेत. स्प्रिंग आणि शॉकअप बदलायचे असतील तर गाडीत घरची माणसं बसवायची आणि मगच उंची मोजायची. नवे ब्रेक लावले की चाचणीला मालकाच्या घरचं एक माणूस शेजारच्या सीटवर पाहिजेच. ज्याच्यासाठी गाडी थांबवायची, तो माणूस आधी गाडीत बसलेला दिसला पाहिजे, असा त्याचा हिशेब.

मागच्या वर्षी पोळ्याच्या पंधरा दिवस आधी श्रावणभाऊंचा मुलगा भुपेंद्र गाडी घेऊन आला. साकोलीच्या एका बँकेत नोकरी, दिघोरीहून रोजचं येणं-जाणं. गाडी लहानशीच, लाल रंगाची, पण टपावर काळे पट्टे, मोठी जाळीदार चाकं आणि रुबाब शर्यतीचा. ऑफिसही तीच, बाजारही तीच, तांदळाचं पोतंही तिच्यातच. पळायची जोरात, थांबायची मात्र सवडीनं.

"मिस्त्री, गाडी खाली बसवून द्या. जमिनीले चिकटून चालली पाहिजे," भुपेंद्र म्हणाला.

"कायले? बांधी नांगरायची हाय का?"

भुपेंद्रला हसावं लागलं. बाबुलालनं आधी ब्रेक घेतले. त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीच्या डिस्क, म्हणजे ब्रेक लागताना पॅड ज्यांना चावतात त्या चकत्या, आणि पॅड दाबणारे कॅलिपर पुढच्या चाकांना बसवले, पॅड चांगल्यापैकी, ब्रेक ऑइल सगळं नवं. सामान माझ्याच दुकानातून गेलं, म्हणून मला पाठ आहे. मग शॉकअप कडक घातले आणि स्प्रिंगला हात लावण्याआधी घरच्यांना बोलावणं धाडलं. श्रावणभाऊ पुढं बसले, त्यांची बायको आनंदाबाई मागं, तिच्या शेजारी भुपेंद्र आणि डिक्कीत तांदळाची दोन पोती. बाबुलालनं टायर आणि मडगार्डमध्ये बोटं घालून पाहिली. तीन बोटं. "हे गाडी आणखी खाली घेतली त आई प्रत्येक ब्रेकरवर तुले शिव्या देईन," तो म्हणाला. उंची होती तशीच राहिली.

चाचणीला श्रावणभाऊ शेजारी बसले. परत आल्यावर ते चाकाजवळ वाकून जाळीतून चमकणारी डिस्क बघत राहिले. पंचाहत्तरीचा माणूस. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी बैलजोडी विकली. तेव्हापासून गोठ्यात ही गाडी उभी असते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यावर पळसाच्या पानानं कोमट तूप आणि हळद चोळायची आणि बैलाच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. श्रावणभाऊंनी तो सण सत्तर वर्षं पाहिलेला. गोठा रिकामा पाहवेना. त्या संध्याकाळी त्यांनी वाटीत तूप-हळद कालवली आणि गाडीजवळ गेले. वजन ओढतात ती पुढची चाकं, म्हणजे ही आपली जोडी, असं त्यांनी धरलं आणि दोन्ही डिस्क मनापासून माखल्या.

पोळ्याच्या सकाळी भुपेंद्र वडिलांना डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन निघाला. गावाबाहेर तलावाच्या पाळीवरून धुतलेले बैल रस्त्यावर आले. त्यानं ब्रेक दाबला, पण गाडी न थांबता पुढंच गेली. एका बैलाच्या शिंगाला निसटता आरसा लागून तुटला, गाडी बाजूच्या बांधीत उतरली आणि चिखलात थांबली. माणसाला खरचटलंही नाही. मग हँडब्रेकच्या भरवशावर वीसच्या वेगानं रांगत ती गाडी साकोलीला आली, आणि भुपेंद्र उतरला तो ओरडतच.

"ब्रेक लावता का मस्करी करता? माझा बाप मरता मरता वाचला. हात थरथरते त धंदा बंद करा न."

हायवेवरची दहा-पंधरा माणसं जमली. मीही दुकानाबाहेर आले. बाबुलाल चाक खोलायला बसला. त्यानं पॅड काढला, उलटा केला, नाकाशी नेला. जळक्या तुपाचा वास माझ्यापर्यंत आला. पॅडच्या कडेला पिवळा थर होता. त्यानं मान वर करून बाकावर बसलेल्या श्रावणभाऊंच्या हातांकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं. नखांत हळद होती. श्रावणभाऊंना सगळं कळलेलं होतं. त्यांनी हात धोतरात लपवले.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाबुलालनं पॅड खाली ठेवला आणि म्हणाला, "बसवताना माझाच तेलकट हात लागला असन. नवीन लावून देतो."

मी तोंड उघडलं, तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. नवे पॅड बसले, डिस्क धुतल्या गेल्या, आणि चाचणीला त्यानं पुन्हा श्रावणभाऊंनाच शेजारी घेतलं. दोघं बराच वेळ गेले होते.

संध्याकाळी मी त्याला फैलावर घेतलं. "काहून बोलले नाई, भाऊ? तुमच्या बापानं त्या घरी मान खाली घालून काढली. तुम्ही बी तेच करून राहिले?"

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "बापाले एकदा बाजारात, लोकायसमोर झापलं होतं. ह्याच श्रावणभाऊच्या बापानं. मी बाजूले उभा होतो. बाप कसा दिसत होता ते अजून दिसते मले. पोरानं बापाले तसं झापताना पाहाचं नव्हतं मले, कोणाच्याच बापाले."

मला ते पटलं नाही. उलट राग आला, कारण नाव त्याचं गेलं. भुपेंद्रनं बँकेच्या काउंटरवरून तालुकाभर सांगितलं. चार महिन्यांत ब्रेकचं निम्मं गिऱ्हाईक काचेच्या वर्कशॉपात गेलं. बाबुलाल दुपारी बाकावर रिकामा बसलेला दिसायचा. मी दोनदा भुपेंद्रला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. शब्द दिला नव्हता, पण ती नजर आठवायची.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी तीच लाल गाडी पुन्हा गॅरेजासमोर थांबली. भुपेंद्र वैतागलेला होता. "बाबा ऐकून नाई राहिले. म्हणे साकोलीलेच चाल, मिस्त्रीकडेच." श्रावणभाऊ उतरले. हातात पिशवी, पिशवीत झाकलेली वाटी आणि पळसाची पानं.

बाबुलालनं बॉनेट उघडलं. आत दोन्ही बाजूंना, शॉकअपचं वरचं टोक जिथं गाडीला बसतं, तिथं बोट ठेवलं. "मागल्या वर्षी म्हटलं होतं न, जागा दाखवतो. गाडीचं वजन इथं बसते. खांदा हा. चाकाले कधीच लावू नका."

"काय लावू नका?" भुपेंद्रनं विचारलं.

श्रावणभाऊंनी वाटी उघडली. "मागल्या पोळ्याले मीच डिस्कले तूप-हळद लावलं होतं. मिस्त्रीनं मले गाडीत सांगतलं, आन् तुले नाई सांगतलं. मीही वर्षभर नाई सांगतलं. मले लाज वाटली."

भुपेंद्र बाबुलालला म्हणाला, "तुम्ही तेव्हाच काहून नाई बोलले?"

"तू बोलून राहिला होता न तेव्हा."

श्रावणभाऊंनी पळसाच्या पानानं दोन्ही खांदे माखले आणि सवयीनं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." त्या घरचं हे आवतन बैलांच्या कानात वर्षानुवर्षं मंगरू सांगायचा, मालकाच्या वतीनं. त्याला स्वतःला ते कोणी दिलं नव्हतं. श्रावणभाऊंनी हात पुसले, बाबुलालकडे वळले आणि तेच शब्द पुन्हा म्हणाले.

बाबुलालनं बॉनेट लावलं. "किती वाजता?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी भुपेंद्र त्याला न्यायला आला. बाबुलाल धुतलेला शर्ट घालून शेजारच्या सीटवर बसला. मला जे कळलं ते त्याच्याकडूनच, आणि नेहमीसारखं तुटक. जेवण घराच्या आत, सगळ्यांच्या पंगतीत होतं. पुरणपोळी होती, वडे होते. जेवण झाल्यावर तो बापाच्या सवयीनं आपलं ताट उचलून उठायला लागला.

"राहू द्या," श्रावणभाऊ म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत उठून त्यांनी ते ताट स्वतः उचललं.