नत्थूजीच्या वहीतला बारूदगाडा

पुलगावच्या डेपोत गवत कापाले दिवाळीनंतर माणसं लागते. आत दारूगोळा, म्हणून सुकलं गवत ठेवता येत नाई. कवडू मुकादमाची टोळी पंधरा वर्षांपासून ह्याच कामावर. गेटपासले पोलिसचा दाखला लागते, आधार लागते, अन् खाली मुकादमाची सही: हा माणूस माझ्या भरोशाचा. कवडू सही करते, पण आधी समोरच्याच्या तोंडाकडं असा पाह्यते जसं त्यानं ह्याची बकरी चोरली.

एका नत्थूजीकडं तेवढं त्यानं कधी असं पाह्यलं नाई. दोघं एकाच गावचे, शाळाही दोघांची एकाच साली सुटली. बायको गेल्यावर नत्थूजीले एकच नाद उरला, घोड्यावाल्या गोऱ्यांच्या कादंबऱ्या. बंदुका, डाकू, ओसाड मुलूख. जुनी मराठी पुस्तकं तो रद्दीवाल्याकडून किलोनं आणे. हजेरी सातची, पण हा सहालेच गेटसमोरच्या कडुलिंबाखाली बसे. चष्म्याच्या काडीले सुतळी, अन् बाजूले दोनशे पानी वही.

ह्या साली पास नवे करायचे होते. नत्थूजी पाणी प्याले उठला, वही वाऱ्यानं उघडली, कवडूनं सहज पाह्यलं. पाह्यलं अन् तंबाखू गालातच राह्यली.

नकाशा होता. वर्धा नदी, रेल्वेचा पूल, डेपोची भिंत, भिंतीजवळ फुल्या. खाली लिहलं होतं: "मागच्या भिंतीवर पहारेकरी दोनच. बारूदगाडा सकाळी निघते. पाच माणसं नाल्यात लपले. गुलाबच्या हॉटेलात बातमी पोचली."

कवडूनं वही होती तशीच ठेवली. त्या दिवशी त्याचा विळा चाललाच नाई. वीस माणसाची टोळी, एक सडका निघाला तं साऱ्यांचे पास जाते. अन् नत्थ्या? त्यानं मागच्या महिन्यात नवा मोबाइल काऊन घेतला? भिंतीकडंचं गवत मीच कापतो म्हणे, ते काऊन?

सुट्टी झाल्यावर तो गुलाबच्या हॉटेलात गेला.

"नत्थू इथं कोणासंग बसते?"

"पुस्तकासंग," गुलाब म्हणे. "दोन चहा सांगते."

"दोन? दुसरा कोणाचा?"

"तुमचा. तुम्ही येत नाई तं तोच पेते. काऊन मुकादम, तुम्हाले नाई सांगितलं त्यानं?"

कवडूले बरं वाटाले पाह्यजे होतं. पण त्याच्या मनात आलं, हाही मिळालेला असन तं?

दुसऱ्या दिवशी सहाले तो कडुलिंबाखाली उभा. खिशात पासचे कागद, एकावरच सही बाकी.

"काबे नत्थ्या, खबर कोणाले देऊन राह्यला?"

"कोणती खबर?"

"पाच माणसं नाल्यात. तुह्या वहीत आहे."

"ते?" नत्थूजी हासला. "त्यातले तिघं तं कालच मेले."

कवडू त्याच्यासमोर उकिडवा बसला, आवाज खाली आणला. "मेले?"

"पुस्तकात मेले बाप्पा! त्या गोऱ्यांचे नावं जिभेवर बसत नाई. दहा पानं गेले का कोण कोणाचा भाऊ, समजत नाई. म्हणून मी आपले नावं देतो, अन् कोण कुठं लपला ते नकाशात मांडतो. नदी ते वर्धा, किल्ला तो डेपो, दारूचा गुत्ता ते गुलाबचं हॉटेल."

"साऱ्या दुनियेत तुले डेपोच भेटला?"

"मंग बारूद दुसरं कुठं आहे आपल्याकडं?"

"वाच. मोठ्यानं वाच."

नत्थूजी पुस्तक वाचून राह्यला, कवडूचं बोट वहीवर सरकून राह्यलं. दोन पहारेकरी, जुळलं. गाडा, जुळला. नाला, जुळला. मंग बोट थांबलं.

"डाकूचा म्होरक्या, कवडू? हे काय बे?"

नत्थूजीनं चष्मा काढला. "तो कोणावरच भरोसा ठेवत नाई. दुसरं नावच नाई सुचलं मले."

कवडूनं खिशातून नत्थूजीच्या पासचा कागद काढला. तो गुडघ्यावर ठेवला, सही केली, अन् हात पुढं केला.

"वही दे."

डेपोजवळ माचीस चालत नाई. त्यानं नकाशाची पानं फाडून पाण्याच्या ड्रममधी बुडवली, शाई जाईस्तोवर चोळली.

"आता मी कसं वाचू?" नत्थूजीचा आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा झाला. "मले ध्यानात राह्यत नाई कवडू. आधी ते ध्यानात ठेवे, मी वाचून दाखवो."

ते म्हणजे त्याची बायको. एकाच गावचा असून कवडूले हे माहीत नव्हतं.

"लिहायचं नाई," कवडू म्हणे. "मी ध्यानात ठेवतो. वाच."

नत्थूजी वाचाले लागला. चार पानंही झाले नसन, कवडूनं पुस्तकावर हात ठेवला.

"थांब. हा किल्ल्यातला सैपाकी दोनदा बाहेर गेला. काऊन?"

"लाकडं आणाले."

"दोनदा?" कवडू सरकून जवळ बसला. "त्याच्यावर माही नजर आहे. वाच पुढं."