फळ्याचा खालचा अर्धा भाग

पंचायतीच्या कचेरीबाहेर एक काळा फळा होता. वरच्या अर्ध्या भागात मी, म्हणजे पंचायतीचा चिटणीस, रोज सकाळी कामाच्या सूचना लिहायचो. खालचा अर्धा भाग गावाचा होता. तसा नियम नव्हता, वहिवाट होती. दशावताराचं नाटक कुठे आहे, कोणाची गाय हरवली, कोणाकडे फणस विकायला आहेत, हे सगळं तिथे खडूने लिहिलेलं असे.

एका सकाळी खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं दिसलं: 'धक्क्यावरचो कंदील पेटणा नाय. रॉकेल खंय जाता?'

अक्षर माझ्या काकांचं होतं. माझे वडील आणि काका एकाच होडीवर जात. पहाटे काळोखात परतताना धक्क्याच्या खडकांचा अंदाज त्या कंदिलावरूनच येई, आणि त्याचं रॉकेल पंचायतीच्या खर्चातून येई.

सरपंच आले, वाचलं, आणि मला म्हणाले, "पूस ते. पंचायतीच्या फळ्यावर परवानगीशिवाय कोणी लिहायचं नाही, असा नियम करून टाक."

त्याच फळ्यावर त्यांच्या घरच्या सत्यनारायणाचं आमंत्रणही होतं. मी भीत भीत ते दाखवलं.

"अरे, ते आमंत्रण आहे. हा आरोप आहे. बी.ए. झालास ना तू?"

बी.ए. मी त्यांच्यामुळेच झालो होतो. कोल्हापुरात चार वर्षं त्यांच्या बहिणीने मला घरच्या मुलासारखं ठेवून घेतलं. सरपंचांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मला एखादं उत्तर तरी देता आलं असतं.

मी ओलं फडकं घेतलं आणि खालचा सगळा भाग पुसला. नाटक, गाय, फणस, सत्यनारायण, कंदील. नियम करायचा तर तो सगळ्यांना लागू, एवढंच मला त्या वेळी सुचलं. सरपंच आत गेले.

दुपारी काका आले. "काय रे चिटणिसा, हरवलेली गाय पण पुसलीस? आता ती घराक कशी येतली?"

"काका, नियम सगळ्यांना सारखाच."

"माझ्यावांगडा तरी आपल्या भाशेत बोल. नियम सारखो, पण काळोखातसून आमीच येतव मा?" ते पायऱ्या उतरले आणि वळून म्हणाले, "मगे आता आमी खंय लिवाचां?"

उत्तर त्यांनीच शोधलं. पावसाळा तोंडावर आला होता. आमची होडी किनाऱ्यावर उलटी घालून तिला नुकतंच डांबर फासलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या काळ्या पाठीवर तेच वाक्य चुन्याने लिहिलेलं होतं, फळ्यावरच्यापेक्षा मोठं. कचेरीच्या खिडकीतून ते स्वच्छ वाचता येई.

"होडी कोणाच्या जागेत आहे, ते मोजून ये," सरपंच म्हणाले. होडी कोणाची, हे त्यांना ठाऊक होतं.

मी फीत घेऊन गेलो. वडील तिथेच जाळं विणत बसले होते. त्यांनी फितीचं दुसरं टोक धरलं. होडीचा पुढचा भाग पंचायतीच्या हद्दीत येत होता. मी फीत गुंडाळत उभा राहिलो.

"खंयपर्यंत तुमची हद्द?" वडिलांनी विचारलं. "सांग, तितकी ओढतंव."

मी वाळूत पायाने रेघ मारली. वडील, काका आणि दोघे शेजारी होडीला लागले. ऊन कडक होतं, वाळू तापली होती, होडी हलेना. मग मीही खांदा लावला.

कचेरीत परत येऊन मी सांगितलं, "होडी आपल्या हद्दीत नाही."

सरपंचांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. "सदऱ्याला डांबर लागलंय तुझ्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "ती खिडकी लावून घे."

मी लावून घेतली. त्या आठवड्यात धक्क्यावरचा कंदील पेटू लागला. पावसाने होडीवरचा चुना धुऊन नेला. नाटकवाले मात्र लेखी परवानगीसाठी माझ्यापुढे उभे राहू लागले.

खिडकी पुन्हा उघड, असं मला कोणी सांगितलं नाही, आणि न सांगता ती उघडण्याचं धैर्य मला झालं नाही. समुद्र वीस पावलांवर होता. पुढे अनेक वर्षं मी त्या खोलीत घाम पुसत बसलो, आणि समुद्राचा नुसता आवाज ऐकला.