फादरांच्या झग्याला बासमतीची खळ

कपडे धुण्यातलं मला सगळं कळतं, असा माझा समज होता. गेल्या जानेवारीपर्यंत!

कॅनडातल्या आमच्या किचनर गावच्या चर्चमध्ये फादरांचा मिस्सेचा पांढरा झगा (प्रार्थनाविधीत सगळ्यात आत घालायचा, मानेपासून घोट्यापर्यंतचा) धुवायचा मान मोजक्या बायकांनाच मिळतो. या खात्याच्या प्रमुख मार्गारेटबाई. त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं तरी डाग निघून जातो! माझी बायको फिलू कितीतरी वर्षं त्यांच्या मागे होती. शेवटी एका शनिवारी तिची पाळी आली. तिने झगा हाताने धुतला, पिळला, "याला हात लावू नकोस" असं मला बजावलं आणि ग्रोसरीला गेली.

हात लावू नको म्हटल्यावर माझे हात शिवशिवायला लागले. वसईला आमच्या घरी सणाचा पांढरा कपडा खळीशिवाय कधी दोरीवर गेला नाही. तिथे उकड्या तांदळाची पेज असायची, इथे बासमती होता. फादरांसाठी कंजूषी कशाला, म्हणून खळ चांगली दाट केली! आता वाळत कुठे घालायचा? लेबलवर ड्रायरला मनाई, बेसमेंटमध्ये बोंबलाच्या कालवणाचा वास. राहिलं बॅकयार्ड. ऊन तर लख्ख पडलं होतं. (उणे अठरा होतं, पण ऊन ते ऊन!)

तासाभराने आणायला गेलो, तर झगा हात पसरून ताठ! दारातून आडवा येईना, सरळ येईना. शेवटी त्याला मिठी मारून तिरका आत घेतला आणि भिंतीला टेकवून उभा केला.

"डॅड, ही इज स्टँडिंग!" मुलगी किंचाळली. तेवढ्यात फिलू आली.

"हे काय केलंस?"

"थोडी खळ घातली."

"थोडी? अरे देवा! मार्गारेट आता मला दारात उभी करणार नाही!"

परत धुवायला वेळ नव्हता. संध्याकाळच्या मिस्सेला तोच झगा हवा होता, दुसरा उसवलेला होता. आम्ही घाईघाईने इस्त्री फिरवली. त्याने बर्फाचा ताठपणा गेला आणि खळीचा पक्का झाला.

मिस्सा सुरू झाली. फादर मायकल चालू लागले आणि चर्चभर आवाज घुमला, कर्र! गळ्याशी माइक, त्याच्याखाली माझी खळ. प्रार्थनेला त्यांनी हात वर केले, कर्र! हात खाली आले, बाह्या वरच राहिल्या. मग वाचनाच्या वेळी फादर बसले. झगा बसला नाही! तो उभाच राहिला आणि फादर त्यात कानापर्यंत बुडाले. फिलूने डोळे मिटून घेतले. मार्गारेटबाईंना आजच्यापुरतं कमी ऐकू यावं, अशी मी अगदी मनापासून प्रार्थना केली.

मिस्सा संपल्यावर फादर थेट आमच्याकडे आले. मागे मार्गारेटबाई!

"हू डिड धिस?" फादरांनी विचारलं.

"माय हजबंड," फिलूने लगेच सांगून टाकलं. (सुखदुःखात साथ द्यायची शपथ याच फादरांसमोर घेतली होती!)

फादर पोट धरून हसले. म्हणाले, "माझ्या प्रवचनात आज पहिल्यांदाच कुणी झोपलं नाही!"

मार्गारेटबाईंनी बाही चाचपली, हुंगली. "राइस?"

"बासमती," मी नम्रपणे म्हणालो.

त्यांनी फिलूची पाळी कायम ठेवली, पण एका अटीवर. फिलूचा फुललेला चेहरा बघून मीही ती आनंदाने मान्य केली. तेव्हापासून फादरांचा झगा घरात आला की मला ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला बाहेर काढतात.

मीही मुकाट्याने फावडं घेऊन जातो. जुलैतसुद्धा!