पदराचा माईक चालूच राहिला

हेडफोन माझ्या कानावर होते, म्हणून ते मला एकटीलाच ऐकू आलं.

"ती पोरगी बौद्धवाड्यातली हाय. तिला आपल्या कपात चहा देऊ नको. गोठ्यातला कप हाय, त्यात दे. अन् मला पाणी तापव. पदराला हात लावला तिनं, आता पुन्हा आंघोळ करावी लागंल."

बोलत होत्या काकू, सुनीलची आई. सुनील माझ्याच गावचा आणि माझ्याच टीममधला. हिंगोलीत आमचा फिल्मचा कोर्स चालला होता. चौघांची टीम, हळदीवर पाच मिनिटांची फिल्म, शूटिंग सुनीलच्या घरी. कॅमेरा सुनीलकडे, आवाज माझ्याकडे. काकूंच्या पदराला बटनाएवढा माईक मीच लावला होता. मुलाखत संपली, काकू सुनेला चहाचं सांगायला आत गेल्या आणि माईक काढून घ्यायचं मी विसरले. नवशिकी होते.

चहा आला. तिघांना फुलाफुलांच्या कपबश्या. मला कान तुटलेला कप. आणि मी तो चहा प्याले. वर 'छान झालाय' असंही म्हणाले! हे सांगताना आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी एडिटिंगला बसलो. मी तो तुकडा सगळ्यांना ऐकवला. म्हटलं, हा फिल्ममध्ये घ्यायचा.

सुनीलचा चेहरा उतरला. "आई जुन्या वळणाची हाय. डिलीट कर."

"न्हाई करणार."

"मग आमच्या टीममधी काहून राहून राहिली?"

शिकवणारे सर म्हणाले, "विषय हळदीचा आहे. भरकटू नका." रेखा माझी मैत्रीण. महिनाभर एका डब्यात जेवलो आम्ही. ती खाली मान घालून वायर गुंडाळत बसली. काकूंचं बोलणं लागलं, पण रेखाची ती मान जास्त लागली. एसटीत खिडकीकडे तोंड करून मी आमच्या डोंगरकडा गावापर्यंत रडत आले.

घरी आईच्या कानाला हेडफोन लावले. आई काकूंच्याच शेतात हळद काढायला जाते, मजुरी त्यांच्या मागच्या दारी उभी राहून घेते. तिनं सगळं ऐकलं आणि हेडफोन माझ्या हातात दिले.

"ह्यात नवं काय हाय, लेकरा? मी तर कामावर रोजच ऐकून राहिले."

तिला साधा रागही आला नाही. इतक्या वर्षांत तो झिजून गेला असेल. माझं रडणं तिथं थांबलं.

हळदीच्या फिल्मवरून माझं नाव मी काढायला लावलं. तो आवाज डिलीट केला नाही. आता दुसरी फिल्म करतेय, आईची. कॅमेरा मीच धरते. हलतो, तर हलू दे. वस्तीतल्या दोघींना आवाजाचं काम शिकवतेय. आईचं काम जाईल, ही भीती आहेच. तिला विचारलं, तर तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "कर."

फिल्म गावातच दाखवणार, सगळ्यांसमोर. काकूंना आवतण द्यायला मी स्वतः जाणार. पुढच्या दारानं.