सुमंगलेचं गोणपाट

देवासच्या दत्तोपंतांच्या घरात सोवळ्याचं एवढं प्रस्थ, की देवघराच्या उंबऱ्यापाशी मांजरही बिचकायचं. त्यांचे आजोबा संस्थानात कारभारी होते. संस्थान गेलं, कारभार गेला, ताठा तेवढा उरला. नवरात्रात पुरणाचा नैवेद्य रांधायचा तो ओलेत्यानं, म्हणजे अंगावर ओलं लुगडं नेसून. ओलं म्हणजे पवित्र! थोरली मुलगी सुमंगला ओली असली, तर मात्र विटाळ.

ती तर जन्मापासूनच ओली असे. चारचौघांसारखी मोरीत जाऊन येई, तरी मागाहून लघवी थेंब थेंब ठिबकतच राही. शाळेत, झोपेत, हळदीकुंकवात. ‘कार्टीला वळणच नाही,’ म्हणत आई पाठीत धपाटा घाली. दिवेलागणीनंतर पाणी बंद. भर उन्हाळ्यात जीभ टाळ्याला चिकटे, पण ठिबकणं काही थांबत नसे. डॉक्टरला दाखवायचं? छे! घराण्याची अब्रू आहे! त्यापेक्षा जिन्याखाली एक गोणपाट टाकून दिलं. बसायचं त्यावर, निजायचं त्यावर, देवघराकडे फिरकायचं नाही.

लग्न महिनाभर टिकलं. सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं, आणि तिची गादी अंगणात टाकून गेले. त्यानंतर ती घरातच ब्लाउज शिवत राहिली. फडक्यांच्या घड्या, डेटॉल, पुन्हा फडकी. स्वतःच्या अंगाची तिला इतकी शिसारी, की आरशात बघायची ती भांगापुरतंच. वयाची पंचेचाळिशी अशीच उलटली.

आणि मग नानांची, म्हणजे दत्तोपंतांची, प्रोस्टेट वाढली. लघवी तुंबली. डॉक्टरांनी नळी घालून पायाशी थैली लावली. आता कुणी विटाळ म्हणालं? शिव शिव! ‘आजार कुणाला चुकलाय,’ म्हणत शेजारीपाजारी शहाळी घेऊन आले. नाना पीतांबराखाली थैली दडवून देवीसमोर पाटावर बसू लागले. देवीला चाललं म्हणे.

थैली रिकामी करायची वेळ आली, तेव्हा धाकटा भाऊ अंबरीश नाक दाबून म्हणाला, “ताई, तू कर ना यार. मला ती बदबू सहनच नाही होत. तुला तर आदत आहे.”

सुमंगलेनं थैली रिकामी केली. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तिला शिसारी आली ती स्वतःची नव्हे. थैलीचीही नव्हे.

नानांना इंदूरला तपासायला तीच नेई. एकदा दवाखान्यातल्या खुर्चीवरून उठली, तर खुर्ची ओली. घाईघाईनं पदरानं पुसू लागली, ते डॉक्टरीणबाईंनी पाहिलं.

“कब से है ये?”

“बचपन से.”

बाईंनी तपासण्या केल्या आणि कागदावर चित्र काढून समजावलं. उजव्या मूत्रपिंडाला जन्मतःच एकाऐवजी दोन नळ्या होत्या. एक मूत्राशयात नीट जाते, दुसरी चुकून त्याच्या दाराच्या खालीच उघडते. मग रोखून धरायचं कुणी आणि कसं? वळणाचा संबंधच नव्हता. एक ऑपरेशन, बस. लहानपणीच झालं असतं.

लहानपणीच! परतीच्या बसमध्ये सुमंगला खिडकीकडे तोंड करून बसली. तोंड वळवलं असतं, तर वडिलांना बसमधून उतरवून दिलं असतं.

ऑपरेशनसाठी भरती व्हायचं ठरलं नेमकं नवरात्रातल्या अष्टमीला. नाना कडाडले, “या वयात कशाला ही थेरं? इतकी वर्षं निभलंच ना? आणि माझी थैली कोण बघणार?”

अष्टमीच्या सकाळी पिशवी भरून ती निघाली, तोच देवघरातून हाक आली, “सुमंगला, थैली भरली गं!”

ती जिन्याखाली गेली. गोणपाट उचललं, झटकलं आणि देवघराच्या बाहेर, चांगलं लांब अंथरलं.

“नाना, देवीसमोरून उठा. इथे बसा.”

“अगं, मी आजारी माणूस आहे!”

“मीही आजारीच होते.”

दारात अंबरीश नाकाला रुमाल लावून उभा होता. तिनं चपला घातल्या.

“थैलीच्या खाली तोटी आहे, ती फिरवायची,” ती म्हणाली. “आणि नाक सोड. दोन्ही हात लागतात.”