दुसरा कवडसा

मुलांनो, मी भूतखेत, नजर, करणी यांतलं काहीच कधी मानलं नाही. ग्रहणसुद्धा मला भूगोलात भेटलेलं. म्हणून हे इतकी वर्षं लिहिलं नव्हतं...

साठच्या दशकातली गोष्ट. गाव उंब्रज. तुमचे आजोबा फौजेत, सीमेवर. मला सातवा महिना — पोटात तुमचे बाबा. दुपार कलली होती. एकदम गल्लीत आरडाओरड झाली.

"आवं, भायेर या! आभाळात बगा, परातीएवढं हाय, हलंना बी!"

"इमान आसंल गड्या."

"इमान आसं थांबतंय व्हय रं? यष्टी हाय का ती?"

मी उंबऱ्याकडे धावले, तोच सासूबाईंनी दंड धरून मला माजघरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली, ग्रहणात गरोदर बाईला कोंडतात तशी.

"आत्याबाई, आज अमावस्या नाही. ग्रहण कसं असेल?"

"पंचांगात न्हाई, पर आभाळात हाय न्हवं? उताणी पड. हलू नगंस."

माजघराला खिडकी नव्हती. कौलाला एकच भोक होतं, रोज तिथून उन्हाचा कवडसा भिंतीवर पडायचा. त्या दिवशी दोन पडले होते. एक नेहमीचा, पिवळा, भिंतीवर हळूहळू वर सरकणारा. दुसरा जमिनीवर, नीळ दिलेल्या धोतरासारखा... आणि अगदी स्थिर.

बाहेर माणसं ते बघायला नदीकडे पळत गेली, गल्ली शांत झाली. मग तो दुसरा कवडसा मी पडले होते त्या चटईवर चढला. माझ्या पोटावर आला आणि थांबला.

दुपारभर लाथा मारणारं बाळ गप्प झालं.

मी हाताने दाबून पाहिलं. कुशीवर वळायचं होतं, पण शरीर ऐकेना — भीतीने की आणखी कशाने, ठाऊक नाही.

"आत्याबाई, बाळ हलत नाही! कडी काढा!"

दाराला पाठ लावून त्या बसल्या होत्या. बांगड्या वाजल्या, पण कडी वाजली नाही.

"उजेड हाय तवर न्हाई काढायची, बाळा. मी हितंच हाय."

'बाळा' त्या मला पहिल्यांदाच म्हणाल्या. मी रडले, शिव्यासुद्धा दिल्या — इंग्रजीतून. तो डाग तसाच पोटावर. किती वेळ, कोण जाणे.

मग तो विझला. सरकला नाही, विझला. आणि आतून अशी लाथ बसली की मी ओरडलेच.

कडी निघाली. "हललं?"

"हललं."

त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी आपणहून आत गेले. भोक एकच, कवडसा एकच. पुढे पुष्कळ वाचलं, जाणत्यांना विचारलं. ते काय होतं, बाळ का थांबलं, मला आजही सांगता येत नाही. अख्ख्या गावाने ते पाहिलं. आमच्या घरातल्या आम्ही दोघी तेवढ्या बघायच्या राहिलो.

मी एकदा विचारलं, "आत्याबाई, तुम्ही तर बाहेरच होतात. एकदा तरी वर बघायचं."

"म्या कशाला बघू?" त्या म्हणाल्या. "माजं समदं आत हुतं."